इंडिया गेट नेमके कोणाचे स्मारक आहे?

दिल्लीतील इंडिया गेटचे चित्र न पाहिलेला मराठी वाचक सापडणे अवघड आहे, परंतु त्या कमानीवर कोणाची नावे कोरली आहेत असे विचारले तर मिळणारी उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी म्हणतो की ती स्वातंत्र्यलढ्यात प्राण दिलेल्यांची आहेत, तर कोणाच्या मते ती १९७१ च्या युद्धातील जवानांची आहेत. त्या कमानीवर हजारो स्वातंत्र्यसैनिकांची नावे असून त्यांची धर्मवार मोजणीही झालेली आहे, असा एक संदेश समाजमाध्यमांतून पुन्हा पुन्हा फिरत असतो. ही सगळी उत्तरे चुकीची आहेत. ही कमान ब्रिटिश साम्राज्याने, त्या साम्राज्याच्या सैन्यात लढताना मेलेल्या सैनिकांसाठी उभारली. त्या सैनिकांपैकी बहुसंख्य भारतीय होते, आणि स्वतंत्र भारताने आपल्या शहीद जवानांना मानवंदना देण्यासाठी पन्नास वर्षे हीच जागा वापरली.

हे कसे घडले ते समजून घ्यायचे असेल, तर इमारतीचा इतिहास आणि तिच्यापुढे होणाऱ्या विधींचा इतिहास हे दोन्ही वेगवेगळे पाहावे लागतात. इमारत १९३१ पासून जवळपास जशीच्या तशी आहे. तिच्यापुढे कोण, कोणत्या दिवशी आणि कोणासाठी मस्तक नमवतो, हे मात्र किमान तीन वेळा बदलले आहे.

कमान कशासाठी उभी राहिली

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले तेव्हा भारत ब्रिटिशांच्या ताब्यात होता, त्यामुळे युद्धात उतरायचे की नाही हे भारतीयांना कोणी विचारले नाही. चार वर्षांत सुमारे १३ लाख भारतीय, सैनिक म्हणून किंवा बिगरलढाऊ कामगार म्हणून, या युद्धात गुंतले, आणि त्यांपैकी ७० हजारांहून अधिक जण परत आले नाहीत. ते फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत, मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये, पूर्व आफ्रिकेत, गॅलिपोलीत आणि पॅलेस्टाइनमध्ये लढले. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर पोट न भरणाऱ्या घरातून एक मुलगा पलटणीत जाणे, हा साताऱ्यात, रत्नागिरीत किंवा पंजाबातल्या झेलम जिल्ह्यात जगण्याचा एक मार्ग होता. भरती झालेल्यांच्या मनात साम्राज्यावरील निष्ठा किती आणि घरची गरज किती, हे आज मोजता येणार नाही, आणि त्या काळीही कोणी मोजले नाही.

राजकीय पुढाऱ्यांचा हिशेब वेगळा होता. या युद्धात साथ दिली तर स्वराज्याच्या दिशेने काही ठोस हाती लागेल, अशी आशा अनेकांना होती. महात्मा गांधींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरून सैन्यभरतीसाठी आवाहन केले. लोकमान्य टिळकांची भूमिका अधिक रोखठोक होती. सहकार्य हवे असेल तर आधी राजकीय हक्कांचे बोला, असे त्यांचे म्हणणे होते. जून १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये युद्धपरिषद भरवली, तेथे टिळकांनी स्वराज्याचा विषय काढताच त्यांना थांबवण्यात आले आणि ते सभात्याग करून बाहेर पडले. युद्ध संपल्यावर जे हाती आले ते मार्च १९१९ चा रौलट कायदा आणि १३ एप्रिलचे जालियनवाला बाग हत्याकांड या रूपाने आले. स्मारकाची पायाभरणी झाली ती या सावलीत. १० फेब्रुवारी १९२१ रोजी राजा पंचम जॉर्ज यांचे काका, ड्यूक ऑफ कॅनॉट, यांनी पायाचा दगड बसवला. त्याच्या आदल्याच दिवशी नव्या कायदेमंडळाच्या उद्घाटनाच्या भाषणात खुद्द त्यांनाही अमृतसरच्या सावलीचा उल्लेख करावा लागला होता, आणि काँग्रेसने असहकार पुकारला असल्यामुळे त्यांच्या दौऱ्यावर बहिष्कार होता. म्हणजे हे स्मारक सुरुवातीलाही सर्वमान्य नव्हते. स्वातंत्र्यापूर्वी त्याचा अर्थ स्पष्ट होता आणि नंतर तो धूसर झाला, असे मानणे म्हणूनच बरोबर ठरत नाही.

स्मारकाचे काम इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या संस्थेकडे होते. आज तीच संस्था कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून ओळखली जाते. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या कमिशनचे तत्त्व त्या काळाच्या मानाने नवे होते. हुद्दा, वंश किंवा धर्म न पाहता प्रत्येक मृत सैनिकाचे नाव कोठे ना कोठे कोरले जावे, असे ते तत्त्व सांगत होते. वास्तुरचना एडविन लटयन्स यांची होती. भरतपूरच्या दगडात बांधलेली ही ४२ मीटर उंचीची कमान त्यांनी मुद्दाम धार्मिक चिन्हांपासून मुक्त ठेवली. तिच्यावर क्रूस नाही, कळस नाही, चाँदतारा नाही. वरच्या कंगोऱ्यावर सूर्याची चिन्हे आहेत आणि माथ्यावर उथळ वाडग्यासारखा भाग आहे, ज्यात समारंभाच्या वेळी तेल पेटवण्याची कल्पना होती. ही कल्पना फारशी अमलात आली नाही. धर्मचिन्हे टाळण्यामागचे कारण व्यावहारिक होते, कारण एकाच यादीत हिंदू, मुसलमान, शीख, गुरखा आणि इंग्रज अशी सगळी नावे यायची होती. या निर्णयामुळेच पुढे स्वतंत्र भारताला ही जागा फारशी अडचण न येता वापरता आली.

भिंतीवरची नावे कोणाची

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज येथूनच जन्म घेतात. कमानीच्या माथ्यावर 'इंडिया' हा एकच शब्द आणि रोमन अंकांत १९१४ व १९१९ ही वर्षे आहेत. त्याखालच्या लेखात फ्रान्स, फ्लँडर्स, मेसोपोटेमिया, इराण, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली आणि इतरत्र पडलेल्या भारतीय सैन्यातील सर्वांना हे स्मारक अर्पण केले आहे. परंतु भिंतींवर जी १३ हजारांहून अधिक नावे कोरली आहेत ती या सर्वांची नाहीत. ती प्रामुख्याने भारतात, वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या मे ते ऑगस्टमधील तिसऱ्या अफगाण युद्धात मरण पावलेल्यांची आहेत. सिंधू नदीच्या पश्चिमेकडील ज्या दफनभूमींची देखभाल करणे शक्य नव्हते, तेथील हजारभर नावेही त्यांत आहेत.

म्हणजे या एकाच इमारतीला दोन कामे दिलेली आहेत. ती एका अर्थाने सबंध अविभाजित भारताच्या ७० हजार मृतांचे राष्ट्रीय स्मारक आहे, आणि दुसऱ्या अर्थाने सरहद्दीवर व देशात मेलेल्यांची प्रत्यक्ष नामावली आहे. फ्रान्समध्ये मेलेल्या आणि ज्यांच्या कबरीचा किंवा चितेचा ठावठिकाणा नाही अशा भारतीयांची नावे तेथील न्यूव्ह शापेल गावच्या स्मारकावर आहेत. त्याचे अनावरण ऑक्टोबर १९२७ मध्ये झाले आणि त्यावर ४ हजार ७०० हून अधिक नावे आहेत. मेसोपोटेमियातल्यांसाठी बसरा येथे स्मारक झाले.

या बसऱ्याच्या स्मारकावर कमिशनचे समतेचे तत्त्व उघडे पडते. तेथे ब्रिटिश सैनिकांची नावे हुद्द्याचा भेद न करता कोरली गेली, परंतु भारतीयांपैकी अधिकाऱ्यांचीच नावे दगडावर आली. साध्या शिपायांची फक्त संख्या पलटणीखाली लिहिली गेली आणि नावे कागदी नोंदवहीत राहिली. हा अपघात नव्हता, तसा निर्णयच घेतला गेला होता. कॉमनवेल्थ कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्या इतिहासाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. त्यात किमान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, आफ्रिकी, आशियाई आणि मध्यपूर्वेतील मृतांची नावे कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मारकच झाले नाही, हे मान्य केले आणि त्याबद्दल जाहीर माफी मागितली. इंडिया गेटचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर कळते. येथे साध्या शिपायाचे नावही दगडावर आले. मला हे या कमानीचे सर्वांत मोलाचे अंग वाटते, आणि तिच्याबद्दलच्या वादांत नेमके तेच बहुधा बाजूला पडते.

कमानीचे अनावरण १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की त्या दिवसांची गुंतागुंत कळते. मिठाच्या सत्याग्रहानंतर तुरुंगात असलेल्या गांधीजींची सुटका २६ जानेवारीला झाली होती, आणि अनावरणानंतर पाचच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, त्याच आयर्विन यांच्याशी त्यांची बोलणी सुरू झाली, ज्यांतून ५ मार्चचा करार निघाला. साम्राज्य आपल्या नव्या राजधानीत दगडी वैभव उभे करत होते, आणि त्याच आठवड्यात त्याच साम्राज्याचा प्रतिनिधी बंडखोरांच्या पुढाऱ्याशी वाटाघाटीची तयारी करत होता. कमानीभोवतीच्या षट्कोनी रस्त्यावर संस्थानिकांचे महाल होते. गायकवाडांचे बडोदा हाउस त्यांतलेच, आणि आज तेथे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे.

१९४७ नंतरचा संकोच

स्वातंत्र्य मिळाल्यावर नव्या सरकारपुढे प्रश्न असा होता की या वारशाचे काय करायचे. फाळणीने तो आणखी अवघड केला. कमानीवरील नावांपैकी कित्येकांची गावे आता पाकिस्तानात होती, कित्येकांची नेपाळात. ही यादी ज्या देशाची होती तो देशच उरला नव्हता, त्यामुळे कोणत्याही एका राष्ट्राने ती संपूर्णपणे आपली म्हणावी अशी स्थिती नव्हती.

याबाबत लष्कराने जे केले ते मला फार विचारपूर्वक केलेले वाटते, आणि लष्कराबाहेर ते फारसे कोणाला ठाऊक नाही. स्वतंत्र भारताच्या सैन्याने जुन्या पलटणी मोडल्या नाहीत. त्यांची परंपरा, झेंडे आणि युद्धसन्मान, म्हणजे एखाद्या लढाईतील कामगिरीबद्दल पलटणीला मिळालेले मान, चालू ठेवले. परंतु ब्रिटिशांच्या बाजूने भारतीयांविरुद्धच लढून मिळवलेले युद्धसन्मान त्याज्य ठरवण्यात आले, म्हणजे पलटणींनी ते मिरवायचे नाहीत किंवा त्यांचा दिवस साजरा करायचा नाही असे ठरले. खडकी, सीताबर्डी आणि कोरेगाव येथे पेशवे व भोसल्यांच्या सैन्याविरुद्ध मिळवलेले सन्मान या त्याज्य गटात गेले. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातले सन्मान मात्र राहिले. मराठा लाइट इन्फंट्री आपला रेजिमेंटल दिवस ४ फेब्रुवारीला, सिंहगड सर झाल्याच्या स्मरणार्थ पाळते, आणि त्याच वेळी मेसोपोटेमियातल्या पराक्रमाचाही अभिमान बाळगते. साम्राज्याची सेवा आणि सैनिकाचे शौर्य या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, ही भूमिका लष्कराने अशी कृतीतून घेतली.

नागरी सरकारची वाटचाल संथ होती. किंग्जवे या रस्त्याचे नाव राजपथ झाले आणि १९५५ पासून प्रजासत्ताक दिनाचे संचलन त्यावर होऊ लागले. दरवर्षी टीव्हीवर किंवा वर्तमानपत्रात संचलनाच्या मागे ही कमान दिसत राहिल्याने, तिच्यावरचा मजकूर न वाचताच ती स्वतंत्र भारताची खूण बनली. कमानीच्या मागच्या बाजूला असलेल्या छत्रीखाली मात्र १९३६ पासून राजा पंचम जॉर्जचा संगमरवरी पुतळा होता, आणि तो स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षे तेथेच होता. १९६५ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त सोशलिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्याला डांबर फासले, नाक-कान तोडले आणि तेथे सुभाषचंद्र बोस यांचे चित्र ठेवले. अखेर १९६८ मध्ये पुतळा हलवून शहराच्या उत्तर टोकाला असलेल्या कॉरोनेशन पार्कमध्ये नेण्यात आला. रिकाम्या छत्रीखाली गांधीजींचा पुतळा बसवावा अशी चर्चा कित्येक वर्षे झाली, पण तो बसला नाही. शेजारची कमान मात्र कोणी फोडली नाही, तिच्यावर डांबरही फासले नाही. राजा आणि शिपाई यांतला फरक आंदोलकांनाही कळत होता, असे यातून म्हणता येते.

अमर जवान ज्योती

खरा बदल घडला तो १९७१ च्या युद्धानंतर. डिसेंबरमध्ये तेरा दिवसांत युद्ध जिंकले गेले, बांगलादेश जन्मला, आणि या विजयासाठी प्राण दिलेल्या जवानांसाठी राजधानीत राष्ट्रीय स्मारक नाही ही उणीव सर्वांना जाणवली. नवे स्मारक बांधायला वर्षे लागली असती. २६ जानेवारी १९७२ रोजी, म्हणजे युद्ध संपल्यावर सहा आठवड्यांच्या आत, पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी कमानीच्या खाली अमर जवान ज्योती प्रज्वलित केली. काळ्या संगमरवराचा चौथरा, त्यावर संगीन खाली करून उभी केलेली रायफल, तिच्यावर शिरस्त्राण आणि चार कोपऱ्यांत चार ज्योतिपात्रे, अशी तिची साधी रचना होती. त्यांतली एक ज्योत अखंड तेवत असे, आणि चारही ज्योती स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी पेटवल्या जात. त्यानंतर प्रत्येक प्रजासत्ताकदिनी संचलनाआधी पंतप्रधान आणि तिन्ही सैन्यदलांचे प्रमुख तेथे पुष्पचक्र वाहू लागले.

येथे काय घडले ते पाहा. कमानीवरचा एकही शब्द बदलला नाही, एकही नवे नाव कोरले गेले नाही, तरी सर्वसामान्य माणसासाठी ती कमान १९७२ पासून भारतीय जवानांचे स्मारक झाली. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पडलेल्यांची नावे तेथे नव्हती, आणि ज्यांची नावे होती त्यांच्यासाठी ज्योत पेटवलेली नव्हती. परंतु ज्योत आणि नावे एकाच छताखाली आल्याने दोन पिढ्यांचे सैनिक एकाच नमस्कारात सामावले गेले. पुढे १९९९ च्या कारगिल युद्धानंतर लोक फुले घेऊन तेथेच आले. ही एक उसनी जागा होती, पण पन्नास वर्षांच्या वापरात तिचा उसनेपणा विरून गेला. मला वाटते की वसाहतकाळातल्या वास्तूचा अर्थ बदलण्याचे याहून शांत उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल, आणि ते बहुधा कोणी योजून केलेले नव्हते.

२०१९ आणि २०२२

स्वतंत्र राष्ट्रीय युद्धस्मारकाची मागणी लष्करातून अनेक दशके होत होती, आणि ती रास्त होती. स्वतंत्र भारतासाठी लढलेल्या जवानाचे नाव राजधानीत कोठेही कोरलेले असू नये, ही गोष्ट कोणत्याही बाजूने समर्थनीय नव्हती. २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने स्मारकाला मंजुरी दिली आणि २५ फेब्रुवारी २०१९ रोजी, इंडिया गेटच्याच परिसरात सुमारे ४० एकरांवर, ते खुले झाले. अमर, वीरता, त्याग आणि रक्षक या चार चक्रांची त्याची मांडणी आहे. त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर १९४७ नंतर कामी आलेल्या जवानांची नावे असून उद्घाटनाच्या वेळी ती २५ हजार ९४२ होती. २०२० पासून प्रजासत्ताकदिनाचे पुष्पचक्र तेथे वाहिले जाऊ लागले. पुढे २१ जानेवारी २०२२ रोजी कमानीखालची ज्योत नव्या स्मारकाच्या ज्योतीत विलीन करण्यात आली.

या शेवटच्या निर्णयावर मोठा वाद झाला. सरकारी बाजूने असे मांडण्यात आले की इंडिया गेटवरची नावे पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात ब्रिटिशांसाठी लढलेल्या काहीच सैनिकांची असून ती वसाहतवादी भूतकाळाची खूण आहे, आणि १९७१ च्या जवानांची नावे जेथे आहेत तेथेच त्यांची ज्योत असणे उचित आहे. विरोधी पक्षांचे आणि काही निवृत्त सेनाधिकाऱ्यांचे म्हणणे असे होते की अमर जवान ज्योती ही स्वतःच एक परंपरा झाली असून दोन ज्योती एकाच वेळी तेवत ठेवण्यात कोणतीच अडचण नव्हती. काही निवृत्त अधिकाऱ्यांनी निर्णयाचे स्वागतही केले.

मला सरकारी युक्तिवादाचा दुसरा भाग पटतो, पहिला पटत नाही. ज्यांच्यासाठी ज्योत पेटवली त्यांची नावे जेथे आहेत तेथे ती असावी, हे तर्काला धरून आहे. परंतु भिंतीवरची नावे वसाहतवादाची खूण आहेत असे म्हणताना कमान बांधणारा आणि कमानीवर नाव असलेला यांत गल्लत होते. कमान साम्राज्याने बांधली हे खरे. पण वायव्य सरहद्दीवरील वझिरिस्तानच्या खिंडीत मेलेला शिपाई साम्राज्याचा मालक नव्हता, तो त्याचा ११ रुपये पगाराचा नोकर होता, आणि तो कोणत्या परिस्थितीत भरती झाला हे वर आलेच आहे. ज्या आझाद हिंद सेनेचा आपल्याला रास्त अभिमान आहे, तिच्यातले हजारो सैनिक १९४२ मध्ये सिंगापूरला शरण आलेल्या याच ब्रिटिश हिंदी सैन्यातून आले होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत बंड करणारे नाविकही राजाच्याच नौदलाचे होते. एकाच बराकीतून निघालेल्या माणसांची देशभक्त आणि परक्यांचे चाकर अशी विभागणी करायची असेल, तर रेषा कोठे ओढायची हे सांगणे सोपे नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये राजपथाचे नाव कर्तव्यपथ झाले, आणि ८ सप्टेंबरला त्या रिकाम्या छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा २८ फूट उंच ग्रॅनाइटचा पुतळा उभा राहिला. ब्रिटिश हिंदी सैन्याविरुद्ध फौज उभारणारा नेता आता ब्रिटिश हिंदी सैन्याच्या स्मारकाजवळ उभा आहे. यात मला विरोध दिसत नाही. उलट, त्या सैन्याच्या इतिहासाच्या दोन्ही बाजू तेथे प्रथमच एकत्र आल्या असे वाटते, फक्त त्या जोडून सांगणारा फलक तेथे असायला हवा.

इतर स्मारकांचे काय झाले

अर्थ बदलण्याची वाट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. दिल्लीतच तीन मूर्ती चौकातील स्मारक जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या घोडदळासाठी उभारलेले आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी आजच्या इस्रायलमधील हैफा शहर जिंकले होते. पुढे जवळच्या पंतप्रधान निवासामुळे तीन मूर्ती हे नाव नेहरूंशी जोडले गेले आणि सैनिक विस्मरणात गेले. जानेवारी २०१८ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधानांच्या भेटीच्या वेळी चौकाचे नाव तीन मूर्ती हैफा चौक झाले, म्हणजे तेथे जुनी आठवण परराष्ट्रसंबंधांच्या गरजेने परत आली.

पुण्याजवळच्या कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाचा प्रवास याच्या उलट, खालून वर झाला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या विजयासाठी तो उभारला, परंतु त्यावरील मृतांच्या नावांत महार सैनिकांची नावे होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे भेट दिली आणि कंपनीच्या विजयस्तंभाला अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या पराक्रमाचे आणि स्वाभिमानाचे स्थान बनवले. म्हणजे सैन्याने जो युद्धसन्मान त्याज्य ठरवला, त्याच लढाईचा स्तंभ लाखो लोकांना वंदनीय आहे. दोन्ही भूमिकांना आपापली कारणे आहेत, आणि एकाच दगडाला दोन अर्थ असू शकतात हे मान्य केल्याशिवाय त्या दोन्ही समजत नाहीत. इंडिया गेटच्या वाट्याला मात्र असा समाज आला नाही, जो त्या नावांवर हक्क सांगत दरवर्षी तेथे येईल. त्या शिपायांचे वंशज तीन-चार देशांत विखुरलेले आहेत आणि बहुतेकांना आपल्या पणजोबाचे नाव तेथे असल्याचे ठाऊकही नाही.

मराठी घरांचा यात वाटा

मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन होते, आणि तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन टायग्रिस नदीकाठच्या कुट अल अमारा गावात वेढली गेली. उपासमार आणि रोगराई सोसत तिने जवळपास पाच महिने तग धरला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. वेढ्यात मेलेल्यांपेक्षा नंतरच्या कैदेत मेलेल्यांचे हाल अधिक होते. यांतल्या ज्या शिपायांना कबर मिळाली नाही त्यांची आठवण बसऱ्याच्या स्मारकाकडे गेली, म्हणजे दगडावर फक्त आकडा राहिला. सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने १९९७ मध्ये ते स्मारकही मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवण्यात आले, आणि तेथे सहज जाता येत नाही.

आपल्याकडे या सैनिकांच्या खुणा दिल्लीपेक्षा जवळ आहेत. मुंबईत मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. खडकीच्या युद्धदफनभूमीत १९१४ ते १९१८ या काळात भारतात मेलेल्या १ हजार ८०० हून अधिक सैनिकांची नावे आहेत. युद्धानंतर सरकारने अनेक गावांत छोट्या दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाने असे स्मरण आजही जपले आहे. इतरत्र अशी पाटी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत चुन्याखाली झाकली गेलेलीही आढळते.

ज्यांना आपल्या घरातला कोणी गेला होता का हे पाहायचे असेल, त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या मृतांच्या नोंदी इंटरनेटवर सर्वांना मोफत खुल्या आहेत, आणि बसऱ्याच्या दगडावर न आलेली शिपायांची नावेही त्यांत सापडतात. नाव इंग्रजीत आणि त्या काळच्या कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले असल्याने निरनिराळ्या वर्णलेखनाने शोधावे लागते. पलटणीचे नाव ठाऊक असेल तर काम सोपे होते. अनेक नोंदींत शिपायाच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो, त्यामुळे गावावरूनही माणूस सापडतो. दिल्लीच्या कमानीवर कोरलेले नाव असेल तर स्मारकाच्या जागी दिल्ली मेमोरियल (इंडिया गेट) अशी नोंद दिसते.